जीपची मूळ प्रत

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नवे नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येईल, तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतील, नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. चेन्नईतल्या नंगनल्लूर भागात आमच्या पोर्चमध्ये १९६९ ची महिंद्रा सीजे-३बी जीप उभी असते. वयाची अट ती पुरी करते. दुसऱ्या अटीत ती बसत नाही, कारण तिचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेले आहे. सासऱ्यांनी गाडी घेतली त्याच्या आधीच, १९८१ मध्ये, हा बदल झाला होता आणि आरसी बुकात त्याची रीतसर नोंद आहे.

‘मूळ’ या शब्दाशी माझी रोजची गाठ असते. अनुवाद करताना पहिला प्रश्न असतो तो कोणती प्रत धरायची हा: मासिकात आली ती, लेखकाने नंतर सुधारली ती, की संपादकाने कात्री लावली ती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू केले आणि १९६६ मध्ये संपवले. ठिकठिकाणच्या पोथ्या ताडून पाहताना संपादकांनी वेगळे पाठ फेकून दिले नाहीत. पानाखाली टिपांत जपून ठेवले. जीपचा इतिहास वाचू लागले तेव्हा मला ती पाने आठवली. या गाडीचीही मूळ प्रत शोधत गेले की पाठभेदच हाती लागतात.

सुरुवातीपासूनच तिला एक कर्ता नाही. अमेरिकी सैन्याला १९४० मध्ये हलकी टेहळणीची गाडी हवी होती. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बॅन्टम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडा काढला आणि सप्टेंबर १९४० मध्ये पहिला नमुना सैन्याच्या हवाली झाला. बॅन्टमला मोठे काम झेपणार नाही असे ठरवून सैन्याने विलीज आणि फोर्ड यांनाही त्यात घेतले. इंजिन विलीजचे चांगले निघाले. पुढची जाळी फोर्डने एका पत्र्यातून ठोकून काढली, तिला नऊ फटी होत्या. युद्धानंतर विलीजने नागरी गाडी काढली तेव्हा फटी सात झाल्या. युद्धकाळात दोन्ही कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर गाड्या बांधल्या. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या माथ्यावरही, ‘एफ’ अक्षर उठवले, म्हणून आजही संग्राहक बोल्ट तपासत बसतात. नावाचेही तसेच. ‘जीप’ हे सरकारी आद्याक्षरांवरून आले असे काही सांगतात, तर काही जण १९३६ मध्ये पॉपायच्या चित्रकथेत आलेल्या, कुठेही जाऊ शकणाऱ्या युजीन द जीप या प्राण्याकडे बोट दाखवतात.

भारतात ती प्रथम युद्धाबरोबर आली आणि युद्ध संपल्यावर डिस्पोजलच्या मालात विकली गेली. १९४५ मध्ये लुधियान्यात महिंद्रा अँड मोहम्मद ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. त्याच सुमारास मुंबईत विलीजचे सुटे भाग जोडून जीप तयार होऊ लागल्या. स्वतंत्र भारतातल्या पहिल्या गाजलेल्या आर्थिक प्रकरणाचे नावही जीप घोटाळाच: १९४८ मध्ये लंडनमधले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी जुन्या जीप घेण्याचा करार केला, आणि आलेल्या १५५ गाड्या वापरायोग्य नसल्याचे आढळले. दुरुस्त केलेली जुनी जीप कितपत भरवशाची, हा प्रश्न या देशात संसदेपर्यंत गेलेला आहे.

आमच्या गाडीचा, म्हणजे सीजे-३बीचा, बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच आहे. १९५३ मध्ये विलीजने या जीपमध्ये २,१९९ सीसीचे ‘हरिकेन’ इंजिन घातले. त्यात इनलेट व्हॉल्व्ह वर, सिलिंडर हेडमध्ये गेले; इंजिनाची उंची वाढली आणि जुन्या बॉडीत ते मावेना. कंपनीने बॉडी तशीच ठेवून बॉनेट आणि समोरची जाळी उंच केली. संग्राहक आज जिला ‘हाय हूड’ म्हणून जपतात, ती गाडी म्हणजे कारखान्यानेच जुन्या बॉडीत बसवलेले नवे इंजिन. पुढे महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरचा कारखाना काढला आणि त्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपमध्येही घातले. ऐंशीच्या दशकात पर्जोच्या परवान्याने इगतपुरीत इंजिने होऊ लागली आणि ती एमएम-५४०मध्ये आली. आमच्या जीपमध्ये गॅरेजवाल्याने घातलेले इंजिन याच ट्रॅक्टरच्या घराण्यातले आहे. कंपनीने केले तेव्हा त्याला नवे मॉडेल म्हटले गेले. तेच गॅरेजमध्ये झाले की तो ‘फेरबदल’.

ते का केले, याची कारणे साधी होती. ऑक्टोबर १९७३ नंतर काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या आसपास गेला. भारतात करांमुळे पेट्रोल आणि डिझेलच्या दरांत मोठी तफावत राहिली. शेतकरी, कंत्राटदार, मळेवाले यांच्या हातातली पेट्रोल जीप परवडेनाशी झाली. दुसरे कारण हवेचे. तमिळनाडूत मे महिन्यातल्या कत्तरी उन्हात पेट्रोल पंपाजवळच उकळून वाफ होई आणि गाडी घाटात थांबे. ड्रायव्हर पंपावर ओले फडके गुंडाळून बसत. डिझेलला ती अडचण नव्हती आणि स्पार्कची यंत्रणाच नसल्याने पावसात डिस्ट्रिब्युटर भिजण्याचा प्रश्नही मिटला. बोडिनायक्कनूर, कंबम भागातून वेलदोड्याच्या मळ्यांवर मजुरांना घेऊन घाट चढणाऱ्या जीप, कोल्हापूर-सातारा-सांगलीकडचे वडाप, या सगळ्यांचा संसार डिझेलवर चालला. मनिलामध्ये अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेल्या जीप लांब करून, बाके बसवून ‘जीपनी’ झाल्या, त्यामागेही अशीच गरज होती.

इंजिन बदलणे म्हणजे एक वस्तू काढून दुसरी ठेवणे एवढेच नसते. डिझेल जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एक पान वाढवावे लागते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे बोल्ट जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड पत्र्याची ॲडॉप्टर प्लेट लेथवर कापावी लागते; ती केसभर जरी तिरकी झाली तरी गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट बेअरिंग खात राहतो. माउंटिंग नवे वेल्ड करायचे. स्टार्टरला जास्त ताकद लागते, म्हणून बॅटरी मोठी. शिवाय डिझेल कमी फेऱ्यांवर चालते आणि या जीपच्या डिफ्रेन्शियलचे प्रमाण ५.३८ ला १, म्हणजे इंजिन भरपूर फिरेल असे धरून ठरवलेले. परिणामी गाडी चढावर बैलासारखी ओढते, पण सपाट रस्त्यावर साठाच्या पुढे इंजिन किंचाळू लागते. वाक्यातले क्रियापद बदलले की कर्त्याच्या विभक्तीपर्यंत सगळे हलवावे लागते, तसेच हे.

अशा कामासाठी चेन्नई हे शहर तयारच होते. माउंट रोडवरची सिम्प्सन कंपनी १८४० पासूनची, मूळची घोडागाड्या बांधणारी. तिच्याच सॅम्युएल जॉन ग्रीन यांनी १९०३ मध्ये मद्रासमध्ये वाफेवरची मोटार बांधली आणि पन्नासच्या दशकात हीच कंपनी पर्किन्सची डिझेल इंजिने करू लागली. एन्नोरला अशोक लेलँड, गिंडी आणि अंबत्तूरला औद्योगिक वसाहती, आणि त्यांच्या आधाराने शेकडो लेथ पट्टरै, म्हणजे लेथचे कारखाने. एग्मोरच्या मागे, कूवम नदीच्या काठचे पुदुपेट हे जुन्या गाड्या सोडवून भाग विकणारे पेठांचे पेठ. तिथे इंग्रजी नावे तमिळ तोंडात नव्याने घडलेली असतात. पुण्यात ज्याला डेंटिंग म्हणतात त्याला इथे ‘टिंकरिंग’ म्हणतात. गाडीला तमिळमध्ये ‘वंडी’, तेलुगूत ‘बंडी’. आणि विदर्भात बैलगाडीला बंडी म्हणतात हे इथल्या मेकॅनिकना सांगितले की त्यांना आम्ही एकदम जवळचे वाटू लागतो.

घरी करण्याजोगे काम बरेच असते आणि ते बहुतेक गंजाविरुद्धचे असते. समुद्राची खारी हवा पहिल्यांदा ब्रेकच्या व्हील सिलिंडरमध्ये शिरते. रबरी कप अडकतात आणि एक चाक धरून ठेवते. वर्षातून एकदा चारही ड्रम उतरवून सिलिंडर साफ करतो. पाट्यांच्या शॅकलना, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना आणि टायरॉडच्या टोकांना महिन्याला ग्रीस. किंगपिनची बेअरिंग सैल झाली की खड्ड्यानंतर पुढची चाके थरथरतात. तेव्हा शिम काढून पुन्हा घट्ट करायचे. हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर आहे, तो तेलाने माखला की उतारावर धरत नाही. डिसेंबर २०१५ च्या पुरात पाणी ॲक्सलपर्यंत चढले. डिझेल इंजिन लगेच चालू झाले, पण डिफ्रेन्शियलमधले तेल दुधासारखे पांढरे निघाले. पाणी शिरल्याची ती खूण. दोनदा तेल बदलल्यावर ते स्वच्छ दिसू लागले. आयुध पूजेला पाने, हातोडे, जॅक असे सगळे पुसून मांडतो. माझ्या माहेरी हीच खंडेनवमी.

२०२१ चे नियम आल्यावर पेट्रोल इंजिन परत बसवून गाडीला ‘व्हीए’ क्रमांक घ्यावा अशी कल्पना घरात निघाली. हरिकेन इंजिन शोधले तर मिळते. मी आमच्या मेकॅनिकना विचारले, “अण्णा, जुनं पेट्रोल इंजिन परत बसवता येईल का?”

“बसेल की मॅडम,” ते म्हणाले. “पण पुढचे पाटे, क्लच, रेडिएटर, माउंटिंग, सगळं मागं न्यावं लागेल. किती सालापर्यंत मागं जायचं, ते आधी ठरवा.”

हा प्रश्न कायद्यालाही सुटलेला नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याखाली मालकाने केलेला बदल कळवून नोंदवून घेण्याची वाट होती. आमच्या आरसी बुकातली नोंद त्याच वाटेने आली. १९८८ च्या कायद्याचे कलम ५२ सन २००० मध्ये कडक झाले आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, हे केरळमधून आलेल्या अपिलात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. यामागचे कारण खरे आहे. जड इंजिन आणि तेच जुने ड्रम ब्रेक, किंवा पाटे उंच करून मोठे टायर चढवलेली गाडी वळणावर उलटते, आणि तिच्याखाली दुसराच कोणी सापडतो. पण उत्पादकाचे ‘मूळ’ म्हणजे नेमके काय, यावर उत्पादकही भांडतात. महिंद्राची रॉक्सर अमेरिकेत गेली तेव्हा फियाट क्रायस्लरने ती जीपची नक्कल आहे अशी तक्रार केली. २०२० मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाने ती मान्य केली आणि महिंद्राला समोरचा भाग बदलावा लागला. विलीजचा परवाना घेऊन सत्तर वर्षे चालत आलेली गाडी तिच्या जन्मभूमीत नक्कल ठरली. त्याच वर्षी नवी थार बाजारात आली, तिचे अभियांत्रिकी काम आमच्या घराच्या दक्षिणेला, चेंगलपट्टूजवळच्या महिंद्राच्या संशोधन केंद्रात झाले.

आम्ही गाडी डिझेलच ठेवली आहे. दर पाच वर्षांनी साधे नूतनीकरण करतो. एप्रिल २०२२ मध्ये त्याचे शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले होते. व्हिंटेज क्रमांकाची गाडी रोजच्या रस्त्यावर नेता येत नाही, आणि ही जीप आमच्याकडे गॅसचा सिलिंडर, सुताराची लाकडे आणि पावसाळ्यात शेजारच्या आजींना दवाखान्यात नेते. पेट्रोल इंजिन घातले असते तर १९८१ चे काम पुसले गेले असते. सासऱ्यांच्या फाईलमध्ये त्या कामाची एक पावती आहे: ‘लेथ, प्लेट, ड्रिलिंग’ आणि रक्कम. करणाऱ्याचे नाव त्यावर नाही. ज्यांनी ती प्लेट कापली त्यांचे काम चव्वेचाळीसहून अधिक वर्षे बेअरिंग न खाता चालले आहे, आणि मालकी हक्काच्या कुठल्याही कागदावर त्यांना जागा नाही. अनुवादकांची नावे मुखपृष्ठावर छापावीत म्हणून आम्ही मंडळी भांडतो, तेव्हा मला ती पावती आठवते.

म्हणून मी एक वही केली आहे. तारीख, काय बदलले, का बदलले, कोणी बदलले. जुन्या नोंदींत चौथा रकाना बहुतेक रिकामा आहे. पुदुपेटच्या दोन-तीन वृद्ध मेकॅनिकांकडे फोटो घेऊन जाऊन तो भरण्याचा प्रयत्न चालू आहे. वेल्डिंगची ढब पाहून एकाने माउंटिंग कोणाच्या हातचे असावे याचा अंदाज सांगितला आहे, खात्री अजून व्हायची आहे. नव्या नोंदींत तो रकाना रिकामा राहत नाही. शेवटची नोंद उजव्या मागच्या व्हील सिलिंडरची आहे, आणि तिच्यापुढे अण्णांनी स्वतःच्या हाताने तमिळमध्ये सही केली आहे.