आंधळा म्हटलेला शार्क

तर झालं असं, की आम्ही निघालो होतो धरण बघायला. माँट्रियलमध्ये इतकी वर्षं राहून मॅनिक-५ पाहिलं नाही तर स्वतःला सिव्हिल इंजिनियर म्हणवून घेण्यात अर्थ नाही, हे मी बायकोला कसंबसं पटवलं होतं. १९६८ मध्ये पूर्ण झालेलं, २१४ मीटर उंच, प्रचंड कमानींवर उभं असलेलं धरण! मुक्काम बे-कोमो गावात. गाव सेंट लॉरेन्स नदीच्या उत्तर काठावर. पण इथे ती नदी कसली, खारं पाणी आणि समुद्रासारखा पसारा. ऐन जुलैत पाण्यात हात घातला आणि लगेच बाहेर काढला. याच पाण्यात २००३ साली काही पाणबुडे शार्क शोधायला उतरले होते, हे गावात कळलं. मग घरी आल्यावर धरण राहिलं बाजूला, मी त्या शार्कच्याच मागे लागलो.

हा ग्रीनलँड शार्क. पाच मीटरपर्यंत वाढणारा आणि आपल्या रमतगमत चालण्यापेक्षाही हळू पोहणारा. उत्तरेकडच्या लोकांची त्याच्याशी ओळख शेकडो वर्षांची, पण ती गळाला लागलेल्या किंवा मेलेल्या शार्कशी. यकृतातल्या तेलावर दिवे जळायचे, म्हणून तो मारला जायचा. ताजं मांस विषारी; आइसलँडचे लोक ते आंबवून, महिनोन्महिने वाळवून खातात. १८०१ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं. पुढे त्याला ज्या कुळात घातलं, त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'झोपाळू'! त्यात अनेकांच्या डोळ्यांना एक परजीवी चिकटलेला असतो, त्यामुळे बुबुळ खराब होतं. झालं, शिक्का बसला: आंधळा, आळशी, मेलेलं खाणारा. पोटात सील सापडत, पण इतक्या मंद प्राण्याने चपळ सील धरला कसा, ते कोणी पाहिलं नव्हतं.

पाहणार कसं? एक तर तो बहुतेक वेळ खोल पाण्यात. दुसरं, थंडी. सिलिंडरमधली दाबाखालची हवा पसरताना गार होते. पाणीच शून्याजवळ असेल तर रेग्युलेटरच्या झडपेत बर्फ धरतो, झडप उघडी राहते आणि हवा भसाभस निघून जाते. म्हणून तिथले पाणबुडे अंग कोरडं ठेवणारा पोशाख चढवतात आणि एक रेग्युलेटर दगा देईल म्हणून दुसराही जवळ ठेवतात.

१९९५ मध्ये कॅनडाच्या आर्क्टिकमध्ये या शार्कची पाण्याखालची छायाचित्रं निघाली. पण गळ नाही, आमिष नाही, आपल्या मर्जीने हिंडणारा शार्क २००३ मध्ये बे-कोमोजवळ चित्रित झाला. जेफ्री गॅलंट आणि ख्रिस हार्वे-क्लार्क यांच्या चमूने २००५ मध्ये त्यावर निबंध लिहिला. इथल्या शार्कच्या डोळ्यांवर परजीवी जवळजवळ नव्हतेच, आणि पाणबुड्यांना पाहून ते प्रतिसाद देत होते. आंधळा म्हणून ठरवलेला प्राणी चक्क बघत होता!

गंमत म्हणजे त्याचं वयही डोळ्यानेच सांगितलं. डॅनिश शास्त्रज्ञ पॉल हान्सन यांनी १९३६ मध्ये खूण करून सोडलेला एक शार्क १९५२ मध्ये पुन्हा सापडला, तेव्हा सोळा वर्षांत तो जेमतेम ८ सेंटिमीटर वाढला होता. म्हणजे आयुष्य भलतंच लांब असणार. पण किती? डोळ्याच्या भिंगाचा गाभा जन्माआधी तयार होतो आणि पुढे बदलत नाही. युलियस नील्सन आणि सहकाऱ्यांनी २८ माद्यांच्या भिंगांतला किरणोत्सारी कार्बन मोजला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापला: सर्वांत मोठीचं वय ३९२ वर्षं, १२० कमी किंवा जास्त. अगदी कमीत कमी धरलं तरी २७२. म्हणजे पानिपतची लढाई झाली तेव्हा ती पाण्यात होतीच.

त्याच निबंधातला दुसरा आकडा मला जास्त लागला. मादी वयात यायला सुमारे दीडशे वर्षं लागतात. तेलासाठीची शिकार विसाव्या शतकात थांबली, पण दुसऱ्या माशांसाठी लावलेल्या जाळ्यांत आणि गळांवर हे शार्क आजही मरतात. २०२० मध्ये त्यांना जागतिक यादीत 'असुरक्षित' ठरवलं गेलं. आमचं धरण उभं राहायला दहाएक वर्षं लागली. फुटलं तर तितक्याच वर्षांत पुन्हा बांधू. जाळ्यात मेलेल्या एका मादीच्या जागी दुसरी यायला दीड शतक लागतं, आणि तिथे इंजिनियरचं काही चालत नाही.

बे-कोमोचे शार्क रात्री उथळ पाण्याकडे सरकतात, असं त्यांच्या अंगावर लावलेल्या यंत्रांवरून दिसलं आहे. त्या संध्याकाळी धक्क्यावर उभा असताना मला हे ठाऊक नव्हतं. थंडी वाजतेय म्हणून अंधार पडायच्या आत आम्ही खोलीवर परतलो. पुन्हा गेलो तर स्वेटर घेऊन जाईन आणि थोडा उशिरापर्यंत थांबेन. दिसणार काहीच नाही, तरीही.