अस्वल: दोरीवरचं आणि रानातलं

आमच्या पिढीच्या नाशिककरांना अस्वल पहिल्यांदा भेटलं ते दरवेशाच्या दोरीला. गल्लीत डमरू वाजला की पोरं धावायची. घरातली म्हातारी माणसं लहान मुलाला अस्वलाच्या पाठीवर बसवायची, भीती जाते म्हणून. शिवाय ताईतात घालायला त्याचा एखादा केस. ज्याच्या नाकातून दोरी ओवलेली, त्यानंच आपली भीती घालवायची!

बरं, अस्वलाला न ओळखणारे आपणच पहिले नाही. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानं आपल्या अस्वलाला चक्क स्लॉथच्या, म्हणजे अमेरिकेत झाडाला उलट्या लटकणाऱ्या सुस्त प्राण्याच्या, जातकुळीत टाकलं. कारण काय, तर लांब नख्या आणि वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नाहीत. पुढे चूक उमगली, पण इंग्रजी नावातला 'स्लॉथ' आजही सुटलेला नाही. दातांच्या त्या फटीचं कारण वारुळापाशी कळतं. नख्यांनी वारूळ फोडायचं, फुंकर मारून माती उडवायची, नाकपुड्या मिटायच्या आणि ओठांची नळी करून वाळवी ओढायची. तो आवाज लांबवर ऐकू येतो.

१९७२ साली वन्यजीव कायदा आला आणि १९९८ मध्ये अस्वलांच्या खेळांवर बंदी आली. तरी डमरू लगेच थांबला नाही. वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेनं सहाशेच्या वर अस्वलं सोडवली ती दरवेशांना दुसरा धंदा उभा करायला मदत करून. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसती दोरी कापून भागत नाही, दोरी धरणाऱ्याचंही पोट असतं.

नाशिकजवळ बिबट्या दिसल्याची बातमी नेहमीची. अस्वलासाठी मात्र बुलढाण्याचं ज्ञानगंगा अभयारण्य किंवा मेळघाट गाठावं लागतं. ज्ञानगंगेत एका बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणात बसलो होतो. मध्यरात्रीनंतर एक मादी आली. पाठीवर दोन पिल्लं, आईच्या केसांना घट्ट धरून बसलेली. ती थांबली, हवा हुंगली, पाणी प्यायली आणि सावकाश निघून गेली. एवढंच. पण तिच्या चालण्यात कुणाचा हुकूम नव्हता!

अर्थात मचाणावरून कौतुक करणं सोपं आहे. चैत्रात पहाटे मोहफुलं वेचायला बाया निघतात, त्याच झाडाखाली तीच फुलं खायला अस्वल आलेलं असतं. दचकलेलं अस्वल आधी अंगावर येतं. रानाकाठच्या माणसांना ही भीती रोजची आहे आणि ती कुठल्याही ताईतानं जात नाही. तरीही ती माणसं अस्वलाच्या शेजारी नांदतात. माझ्या कौतुकापेक्षा त्यांचं हे नांदणं मोठं.

असो. पुढच्या पौर्णिमेला मचाण मिळालं तर जायचं आहे. कुणी येणार असाल तर एकच अट, अंगाला अत्तर नको. अस्वलाची नजर बेताची असते, पण नाक फार तिखट!