रोझेलची मावशी

पुण्यात वार लावून जेवण्याची प्रथा एके काळी सर्वमान्य होती. सोमवारी एकाच्या घरी, मंगळवारी दुसऱ्याच्या, असे करीत कित्येक निर्धन विद्यार्थ्यांची विद्या पुरी झाली. त्या औदार्याला जातीची मर्यादा होती, आणि त्या पंगतीत विद्यार्थिनीचे पान मांडले जाणे तर कल्पनेपलीकडचे. त्याच काळात एका मराठी मुलीला विद्येसाठी परक्या घरी अन्न मिळाले, पण ते अमेरिकेत.

आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी टपाल खात्यात होते. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता असा त्यांच्या बदल्यांचा फेरा. (केंद्र सरकारच्या नोकरांना त्याची निराळी ओळख करून द्यावयास नको.) पत्नीच्या शिक्षणासाठी त्यांनी वाइल्डर या मिशनऱ्यास पत्र लिहिले. धर्मांतर केल्यास साहाय्य, असा उत्तराचा मथितार्थ होता. हा पत्रव्यवहार एका मासिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो दंतवैद्याकडे खोळंबून बसल्या असता वाचला. १८८० पासून त्यांची पत्रे येऊ लागली. त्यांत धर्माची अट नव्हती.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या व ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघे १८. जाण्यापूर्वी श्रीरामपूरच्या भाषणात, हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परतेन, असे त्यांनी जाहीर केले होते. हा निश्चय सभेत उच्चारणे एक आणि तीन वेळच्या जेवणाला पाळणे दुसरे. कार्पेंटर कुटुंबात तो पाळता आला, यात पाहुणीच्या दृढतेइतकेच यजमानांच्या सौजन्याचेही श्रेय मानले पाहिजे. शाकाहार चालू राहिला. एकदा तर आनंदीबाईंनी तेथील स्त्रियांना आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून जेवू घातले. त्या वर्षीचा श्रावण आणि गणेशचतुर्थी याच मुक्कामात आली. सणाच्या दिवशी परमुलखात आपले माणूस नसणे म्हणजे काय, हे बंगळूरच्या आपल्या मंडळींस ठाऊक आहे. टाटा इन्स्टिट्यूट १९०९ मध्ये निघाली, तेव्हापासून मराठी मुले येथे शिकावयास येत आहेत. आरतीनंतरच्या पंगतीला एखादा नवखा मुलगा संकोचून दाराशी उभा राहतो, तो याच वाटेने आलेला असतो.

कार्पेंटरबाईंना आनंदीबाई मावशी म्हणत. आईची जागा न घेता आईची माया देणाऱ्या स्त्रीला मराठीत याहून नेमका शब्द नाही.

शरद ऋतूत हे घर सुटले. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना थंडी, खाण्याची आबाळ व अविश्रांत अभ्यास यांनी प्रकृती खालावत गेली. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने अंत झाला. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी मावशीकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, घरच्याच माणसांच्या ओळीत, त्यांना जागा देण्यात आली. तेथील शिळेवर आनंदीबाई जोशी हे नाव आजही आहे.