शरदांतले पाहुणे आणि झाडीपट्टीचीं तळीं

पावसाळा सरत आला, धानाचीं शेतें निसवूं लागलीं, कीं उत्तरेकडील पांखरांचे थवे आपल्या प्रांतांत उतरूं लागतात. हे पाहुणे पाहावयाचे तर समुद्रकांठीं जावें, असा शहरांतील पक्षिप्रेमी मंडळींचा समज असतो, आणि तो अगदींच निराधार नाहीं. मुंबईच्या खाडीचा चिखल, अलिबागकडील पुळण, कोंकणांतील लहानमोठ्या खाड्यांचीं मुखें, ह्या ठिकाणीं ओहोटीच्या वेळीं तुतारी, चिखल्या, कुरव इत्यादि पक्ष्यांची जी दाटी होते ती खरोखरच पाहण्यासारखी असते. पण ज्याच्या मुलुखाला समुद्रच नाहीं त्यानें काय करावें? महाराष्ट्राच्या पूर्व टोंकास, गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यांत, दरेकसा नांवाचें गांव आहे. समुद्र तेथून कोणत्याही दिशेस शेंकडों मैल दूर. तरीही ह्या जिल्ह्यांत शरदाच्या आरंभापासून पाणपक्ष्यांचा जो मेळा भरतो तो कोंकणच्या रहिवाशांनीं हेवा करावा असा आहे. ह्याचें कारण निसर्गांत जितकें आहे तितकेंच इतिहासांतही आहे, आणि तोच इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

नागपूरहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग गोंदिया मागें टाकून आमगांव, सालेकसा करीत दरेकसाच्या डोंगरांत शिरतो आणि पुढें डोंगरगडाकडे, म्हणजे छत्तीसगडांत, उतरतो. हा मार्ग गेल्या शतकापूर्वीच्या शतकांत, १८८० नंतरच्या थोड्या वर्षांत, प्रथम मीटर मापाच्या रुळांचा होता. १८८७ सालीं निघालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें तो आपल्या हातीं घेऊन रुंद केला. गांवाभोंवतीं दाट जंगल, जवळच हाजरा धबधबा, आणि माघी पौर्णिमेस दूरदूरचे गोंड बांधव जेथें जमतात त्या कचारगडच्या गुहा. हें झालें डोंगराचें अंग. येथें धनेश, सुतार, हरियल असे रानपक्षी पाहावे. पण डोंगर उतरून गोंदिया, गोरेगांव, अर्जुनी मोरगांव ह्या बाजूस चालूं लागावें, म्हणजे देखावा पालटतो. गांव तेथें तळें, आणि तळें नाहीं तेथें निदान एखादी बोडी. भंडारा-चांदा भागास लोक झाडीपट्टी म्हणतात. तळ्यांचा मुलूख म्हटलें तरी तें तितकेंच खरें ठरेल.

हीं तळीं निसर्गानें दिलेलीं नव्हेत, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. तीं बांधलेलीं आहेत. बांधणारांत कोहळी समाजाचें नांव सर्वांत पुढें येतें. चांद्याच्या कोणा गोंड राजानें काशीयात्रेहून परततांना ह्या लोकांस बरोबर आणिलें, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा भाग सोडून दिला तरी तळें बांधावें आणि त्याच्या पाण्यावर धान व ऊंस पिकवावा हें ह्या समाजाचें जणूं कुलव्रतच होतें, ह्याविषयीं दुमत नाहीं. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांतही कोहळ्यांच्या ह्या कसबाची नोंद आहे. ह्या भागांतील सर्वांत प्रसिद्ध जलाशय नवेगांव बांध. तो कोलू पाटील कोहळी यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं बांधविला अशी परंपरा आहे. सभोंवतीं डोंगर, त्यांमधल्या खिंडी मातीच्या पाळींनीं अडविल्या, आणि आंत विस्तीर्ण पाणी सांठलें. पुढें लोकांनीं ह्या कोलू पाटलास देवत्व दिलें आणि कोलासूर म्हणून त्याची पूजा केली. तळें बांधणाऱ्या पाटलास देव मानणारा समाज पाण्याची किंमत पुरती जाणत होता, यांत शंका नाहीं.

आतां ह्या तळ्यांचा आणि पांखरांचा संबंध कसा येतो तें पाहूं. झाडीपट्टीचें तळें म्हणजे चारी बाजूंनीं खणलेला हौद नव्हे. उताराच्या खालच्या अंगास पाळ घालावयाची, जास्त झालेलें पाणी जाण्यास सांडवा ठेवावयाचा, आणि वरच्या अंगास जमिनीच्या उतारावर पाणी हवें तितकें पसरूं द्यावयाचें, अशी त्याची रचना असते. त्यामुळें पाळीशीं पाणी खोल, मध्यें बेताचें, आणि वरच्या अंगास वीतभर. खोल पाण्यांत बुडी मारणारी लालसरी रमते. मध्यम पाण्यांत, कमळांच्या पानांवर, लांब बोटांचा कमळपक्षी चालतो. उथळ पाण्यांत देवधानाच्या पाण्यांतल्या रानगवतामधून शेपूट वर व डोकें खालीं करून तलवार बदकें आणि भुवई बदकें चरतात. आश्विनाच्या सुमारास पाटानें धानास पाणी सोडूं लागले कीं तळ्याचें पाणी रोज थोडें थोडें मागें हटतें आणि ओल्या चिखलाचा नवा पट्टा रोज उघडा पडतो. तुतारी, चिखल्या, शेकाट्या यांस तोच पाहिजे असतो. समुद्रावर जें काम भरतीओहोटी दिवसांतून दोनदां करते तेंच काम येथें शेतकऱ्याचें पाणी चार महिने सावकाश करीत असतें. सायबेरिया व मध्य आशियांतून निघालेल्या पांखरास येथें किनारा सांपडतो तो एवढ्याचसाठीं. तो किनारा माणसानें घातलेला आहे.

शरदांत पक्षी पाहण्याची चाल इंग्रजांनीं आणिली असें आपण सर्रास समजतों. तेंही पूर्णपणें खरें नाहीं. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत रचिलेल्या बृहत्संहितेंत खंजनाच्या दर्शनावर स्वतंत्र अध्याय आहे. खंजन म्हणजे आपला परीट किंवा धोबी पक्षी. पाण्याच्या कांठीं शेपटी हालवीत धांवणारा. त्याच्या बहुतेक जाती पावसाळ्याच्या शेवटीं उत्तरेकडून येतात. वर्षांतील पहिला खंजन कोठें दिसला, पाण्याजवळ कीं राखेवर, कमळांत कीं पडक्या घरांत, ह्यावरून शुभाशुभ सांगावयाचें असा तो विषय. शकुनावर आमचा विश्वास नाहीं. पण ह्या शास्त्रास एक गोष्ट अवश्य लागत असे, ती ही कीं, कोणीतरी दरवर्षीं डोळे उघडे ठेवून पहिल्या खंजनाची वाट पाहिली पाहिजे. पुढें सतराव्या शतकांत जहांगीर बादशहानें पाळलेल्या सारस-जोडीचें अंडीं उबविणें आणि पिलें वाढविणें बारकाईनें पाहून आपल्या आत्मवृत्तांत लिहून ठेविलें. म्हणजे निरीक्षण आपल्याकडे होतें. त्याची अखंड नोंद मात्र नव्हती.

ही नोंद इंग्रजी अमदानींत सुरू झाली, पण ती बहुधा बंदुकीच्या नळींतून. अ‍ॅलन ह्यूम यांनीं देशभरांतील अधिकाऱ्यांकडून पक्ष्यांचीं कातडीं जमविलीं आणि १८८५ सालीं सुमारें ८२,००० नगांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमला दिला. दरेकसाहून पूर्वेस छत्तीसगडांत ब्लुइट नांवाच्या गृहस्थानें मारलेल्या एका लहान घुबडाचें वर्णन ह्यूमनें १८७३ सालीं प्रसिद्ध केलें. तोच रानपिंगळा. १८८४ नंतर त्याचा पत्ताच लागेना. शेवटीं १९९७ च्या नोव्हेंबरांत, म्हणजे ११३ वर्षांनीं, तो खानदेशांत शहाद्याजवळ पुन्हा जिवंत आढळला. कातडें पेटींत असणें आणि पक्षी माहीत असणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ह्याचा याहून स्पष्ट दाखला कोणता?

वळण हळूहळू बदललें. १८८३ सालीं मुंबईस नैसर्गिक इतिहासाची संस्था स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले वैद्य होते. १९२६ च्या सुमारास ह्या संस्थेच्या साह्यानें धारच्या पवार संस्थानांत बदकांच्या पायांत कडीं घालून त्यांस सोडून देण्याचा उपक्रम सुरू झाला. मारण्याऐवजीं सोडून देऊन शिकावयाचें, हा नवा विचार होता. १९४१ सालीं डॉ. सालीम अली यांचें भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघालें आणि सामान्य गृहस्थाच्या हातीं पक्षी ओळखण्याचें साधन आलें.

तथापि नवेगांवच्या पाण्यावर रोज पहांटे जाळें टाकणाऱ्या धीवराला बदकांच्या जाती कधींच ठाऊक होत्या. फक्त त्या छापलेल्या नव्हत्या. ही उणीव भरून काढण्याचें श्रेय कै. मारुति चितमपल्ली यांस दिलें पाहिजे. वनखात्याच्या नोकरींत ते नवेगांव बांधास राहिले. तेथील माधवराव पाटील डोंगरवार यांच्या सहवासांत, आणि धीवर, गोंड, कोहळी यांच्या तोंडून, त्यांनीं पांखरांचीं, झाडांचीं व माशांचीं नांवें टिपून घेतलीं आणि मराठी वाङ्मयांत आणिलीं. 'पक्षी जाय दिगंतरा', 'पक्षिकोश' हीं पुस्तकें त्याचीं फळें. २००६ सालीं सोलापूरच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें आणि २०२५ च्या जूनमध्यें ते निवर्तले. जन्मलेला माणूस सोलापूरचा, पण झाडीपट्टीची पक्षिभाषा त्यानें वांचविली.

भाषा वांचली, पण तळ्यांचें काय? येथें इतिहासाचें एक कठीण पान उलटावें लागतें. मध्यप्रदेशांत १९५० चा कायदा होऊन ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी रद्द झाली. जुलमी व्यवस्था गेली हें योग्यच झालें; कोणीही सुज्ञ मनुष्य तिच्याबद्दल अश्रु ढाळणार नाहीं. परंतु मालगुजारीबरोबर तळ्याची मालकी सरकाराकडे गेली आणि पाळ नीट राखण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच राहिली नाहीं. पूर्वी मालगुजार आणि रयत मिळून पाळीवर माती टाकीत, पाट साफ करीत. पाणी कोणास केव्हां मिळावें हें गांवांत ठरे. आतां तळ्याचें नांवही 'माजी मालगुजारी तलाव', म्हणजे 'मामा तलाव', असें पडलें. हा भाग १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्रांत आला, १९९९ सालीं गोंदिया हा निराळा जिल्हा झाला; कागद एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत गेले आणि तळ्यांत गाळ चढत राहिला. गाळ चढला कीं उथळ अंगावर गाळपेर होते, बेशरमाचीं झुडपें माजतात, देवधान व कमळें नाहींशीं होतात. मग मासा जातो, धीवराची उपजीविका जाते, आणि त्यांच्या मागोमाग पांखरूंही जातें.

ह्या सर्वांची कसोटी म्हणून सारस पक्ष्याकडे पाहावें. जवळ जवळ पुरुषभर उंचीचा हा क्रौंचकुळांतील पक्षी परदेशचा पाहुणा नव्हे, घरचा आहे. पावसाळ्यांत तो धानाच्या बांधींत किंवा तळ्याच्या उथळ कांठावर घरटें करतो, बहुधा दोन अंडीं घालतो, आणि शरदांत पिलांना घेऊन शेतांतून हिंडतो. महाराष्ट्रांत त्याचा खरा आश्रय आज गोंदिया जिल्हाच, आणि तेथेंही अलीकडच्या गणनांत त्याची संख्या पन्नासाच्या आंतच भरते. विजेच्या तारा, शेतांतील विषारी औषधें आणि आटलेलीं पाणथळें हीं त्याचीं संकटें. २०२१ सालीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आपण होऊन ह्या प्रश्नाची दखल घेतली. परसवाडा, झिलमिली अशा तळ्यांवर स्थानिक तरुण मंडळी शेतकऱ्यांशीं बोलून घरट्यांची राखण करतात. अर्जुनी मोरगांवकडे धीवर स्त्रीपुरुषांनीं बेशरम उपटून तळ्यांत मूळच्या पाणवनस्पति पुन्हा लाविल्या, हेंही मोठ्या समाधानानें नमूद केलें पाहिजे.

कित्येक सज्जन असें म्हणतात कीं, पांखरांसाठीं कांहीं पाणी राखून ठेवावें आणि तेथें माणसास येऊं देऊं नये. अभयारण्यांची आवश्यकता आम्हांस मान्य आहे. नवेगांव बांधास १९७५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें तें चांगलेंच झालें. परंतु ह्या जिल्ह्याचा इतिहास वेगळें सांगतो. येथील पांखरें माणूस दूर गेल्यानें आलीं नाहींत. माणसानें पाळ घातली, पाणी वांटलें, गाळ काढला, म्हणून आलीं. माणसानें हात आंखडला तेव्हां तीं कमी झालीं. म्हणून तळें गांवाच्या हातीं सोंपवून, त्याच्या मासेमारीचा, पाण्याचा आणि दुरुस्तीचा भार व लाभ गांवानें एकत्र उचलणें, हाच पांखरांचाही कल्याणाचा मार्ग आहे असें आम्हांस वाटतें.

डॉ. सालीम अली यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर आणि चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर. हा आठवडा २०२० पासून महाराष्ट्रांत पक्षिसप्ताह म्हणून पाळला जातो. त्या दिवसांत मुलांस घेऊन आपल्या गांवच्या तळ्यावर जावें, एक वही बरोबर असावी, आणि पहिला परीट कोणत्या तारखेस दिसला एवढें तरी तींत लिहावें. एखादा म्हातारा धीवर भेटला तर त्यास पांखरांचीं नांवें विचारावीं व तींही लिहावीं. आणि परततांना पाळीवरूनच यावें; ती कोठें खचली आहे काय, सांडवा धड आहे काय, हेंही पाहावें, आणि खचलेली आढळल्यास ग्रामसभेंत तें सांगावें.