नकोसा खर्ज

ज्यांच्या घरीं आजोबांच्या वेळचा व्हॉल्वचा रेडिओ अद्याप जपलेला आहे, अथवा ज्यांनीं अलीकडे हौसेनें व्हॉल्वचा ध्वनिवर्धक जोडून घेतला आहे, त्यांना एक आगंतुक चांगलाच परिचयाचा असतो. कळ दाबावी, कांचेच्या आंत तांबूस उजेड पडावा, अर्ध्या मिनिटानें यंत्र जागें व्हावें, आणि गाणें सुरू होण्यापूर्वींच खालून घूं-घूं असा संथ आवाज निघावा. मैफल बसण्यापूर्वींच कोणी न बोलावतां येऊन खर्ज धरावा, तसा हा प्रकार. या नकोशा खर्जाला इतिहास आहे, आणि तो बऱ्याच अंशीं आपल्या घरांत वीज कशी आली याचाच इतिहास आहे.

प्रारंभींच्या यंत्रांत हा आवाज नव्हता, हें ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईंत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें, तेव्हां त्याची शक्ति अवघी दीड किलोवॅट होती. सुमारें तीस मैलांपलीकडे त्याचा भरंवसा नसे. कंपनी १९३० सालीं बुडाली, कारभार सरकारकडे आला, १९३६ मध्यें 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव मिळालें, आणि १९३८ पासून मुंबईचे कार्यक्रम लघुलहरींवरही होऊं लागले. त्या काळीं मध्यप्रांताच्या भंडारा जिल्ह्यांत असलेल्या गोंदियाला मुंबई ऐकावयाची तर ती बहुतांशीं या लघुलहरींच्या द्वारें. नागपूर म्हणजे रेल्वेनें सुमारें एकशें तीस किलोमीटरवरचा शेजारी. पण तेथील केंद्र बोलूं लागलें तें १६ जुलै १९४८ रोजीं.

जेथें वीज नव्हती तेथें यंत्र चाले तें बॅटरीवर. बॅटऱ्या दोन प्रकारच्या लागत : व्हॉल्वमधील तार तापविण्यासाठीं दोन व्होल्टची शिशाची, आणि ध्वनीला बळ देण्यासाठीं नव्वद किंवा अधिक व्होल्टची कोरडी. पहिली वरचेवर भरून आणावी लागे, दुसरी संपली कीं खिशाला कात्री. पण बॅटरीचा प्रवाह तळ्यांतील पाण्यासारखा स्थिर. त्यांत लाट नाहीं, म्हणून गुणगुणही नाहीं. अशा रेडिओंत पावसाळी विजांची कडकड असे, वातावरणाची खरखर असे, परंतु खर्ज नसे.

घरच्या विजेची गोष्ट निराळी. ती एका सेकंदांत पन्नास वेळां पुढें जाते आणि पन्नास वेळां मागें फिरते. व्हॉल्वची बारीक तार सरळ या प्रवाहावर तापविली, तर तिचें तापणें-निवणेंच कानांवर येतें. यावर तोड निघाली ती अशी कीं, तापणारी तार वेगळी ठेवावी आणि तिच्याभोंवतीं धातूची नळी बसवून त्या नळीकडून काम घ्यावें. नळी जड असल्यामुळें तिची उष्णता क्षणाक्षणाला बदलत नाहीं. टोरंटोच्या एडवर्ड रॉजर्स यांनीं १९२५ सालीं अशा व्हॉल्वचीं बिनबॅटरीचीं यंत्रें विक्रीस आणलीं. १९२७ सालीं त्यांनीं काढलेल्या नभोवाणी केंद्राच्या 'सीएफआरबी' या संकेतनांवांतील शेवटचीं दोन अक्षरें 'रॉजर्स बॅटरीलेस' याचीं आद्याक्षरें होत. बॅटरी नसणें हीच त्या वेळीं मिरविण्यासारखी गोष्ट होती!

दुसरा उगम उच्च दाबाच्या प्रवाहांत. मागें-पुढें जाणारी वीज एकाच दिशेला वळविली, तरी ती धक्क्याधक्क्यानेंच येते. लाटेचे दोन्ही अर्धे भाग वापरले तर सेकंदाला शंभर धक्के, एकच वापरला तर पन्नास. हे धक्के गिळण्यासाठीं कंडेन्सर आणि चोक लागतात. कंडेन्सर हा रांजण : पाणी कळशी-कळशीनें आलें तरी खालच्या तोटींतून धार अखंड पडते. चोक म्हणजे लोखंडावर गुंडाळलेलें जड वेटोळें. प्रवाहांतील एकाएकीं होणारा बदल त्याला खपत नाहीं. १९३० नंतरच्या पुष्कळ यंत्रांत लाऊडस्पीकरचें चुंबकच विजेवर चाले, आणि त्याच्याच वेटोळ्याकडून चोकचें काम करून घेत. मग उरलेली गुणगुण खुद्द स्पीकरमध्येंच उमटे, म्हणून ती खोडण्यास तेथेंच उलट्या दिशेचें आणखी एक लहान वेटोळें बसवीत. काट्यानें कांटा काढण्याचा याहून नेटका नमुना मला तरी ठाऊक नाहीं.

गोंदिया १९५६ सालीं मुंबई राज्यांत आलें, १९६० सालीं महाराष्ट्रांत, आणि १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून निराळा जिल्हा झालें. या अवधींत ट्रान्झिस्टरनें व्हॉल्वला घराबाहेर काढलें. खिशांतला रेडिओ पुन्हां बॅटरीवर आला आणि खर्ज पुन्हां नाहींसा झाला. आतां हौशी मंडळींनीं व्हॉल्वला परत बोलावलें आहे, तेव्हां त्यामागोमाग तोही आला.

त्याचा माग कसा काढावा? जुन्या कारागिरांची पहिली कसोटी कानाची. पेटीच्या खर्जाच्या सुरांत पांढरी पांच दाबून पाहावी. हा सूर सेकंदाला सुमारें अठ्ठ्याण्णव कंपनांचा. घूं-घूं त्याच्याशीं जवळजवळ जुळली, किंचित् चढी वाटली, तर ती शंभरांची, आणि संशय कंडेन्सरवर घ्यावा. त्याच्या पोटांतील ओलावा वर्षांनुवर्षें सुकत जातो आणि रांजण नुसता नांवाला उरतो. सूर त्याहून एक सप्तक खालचा असेल तर तो पन्नासांचा : तापणाऱ्या तारेच्या जोडणींत दोष असेल, किंवा ट्रान्सफॉर्मरशेजारून जाणारी नाजूक तार त्याची वीज ओढून घेत असेल. आवाज गोल नसून करकरीत असेल, तर वाट तिसरीच. दुसरी कसोटी आवाजाच्या खुंटीची. ती पूर्ण उतरवूनही घूं-घूं राहिली तर दोष तिच्या पुढच्या भागांत, थांबली तर मागच्या.

गोंदियाकर म्हणतील, आमच्याकडे भाताच्या गिरण्या आहेत आणि दाराशीं मुंबई-हावडा लोहमार्ग आहे. दोष त्यांचा नसेल कशावरून? थोडा असूंही शकेल. गिरणीच्या धांवत्या पट्ट्यावर वीज सांठते, स्टार्टरच्या तोंडाशीं ठिणग्या पडतात; त्यांची खरखर एरियलवाटे रेडिओंत शिरते. लोहमार्गावरील तारेंत पंचवीस हजार व्होल्ट असतात, आणि त्या विजेचीं आंदोलनेंही पन्नासच. मार्गालगतच्या टेलिफोनच्या मैल-मैल लांब तारांना तिचा उपद्रव होतो, हें रेल्वेच्या अभियंत्यांना पुरतें ठाऊक आहे. पण घरांतल्या दोन हात लांबीच्या तारेसाठीं रेल्वेला बोल लावणें बहुधा अन्यायाचें. एरियल काढल्यावरही आवाज राहिला, किंवा गिरणी बंद असतांना मध्यरात्रींही तसाच चालला, तर चोर घरांतलाच आहे.

त्या करकरीत आवाजाकडे आतां वळूं, कारण याच वळणावर जिवाशीं गांठ आहे. ध्वनिमुद्रिका वाजविणारें यंत्र एका भिंतीच्या प्लगवर, ध्वनिवर्धक दुसऱ्या भिंतीच्या, आणि दोहोंमध्यें ध्वनीची तार. असें झालें कीं अर्थिंगच्या तारांचें एक वेटोळें बनतें, आणि तें आसपासची वीज गोळा करून स्पीकरमध्यें सोडतें. यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे प्लगची मोठी पिन काढून टाकणें. आवाज लगेच थांबतो. म्हणूनच हा सल्ला कानोकानीं पसरला. परंतु व्हॉल्वच्या यंत्रांत अडीचशें-तीनशें व्होल्ट खेळत असतात. आंतला एखादा वेष्टणाचा कागद जळाला आणि ती वीज धातूच्या पेटीला लागली, तर अर्थिंगची तार ती जमिनींत नेते आणि फ्यूज उडतो. ती तार नसेल, तर पुढें जो हात लावील त्याच्या देहांतून वीज वाट काढते. खरा उपाय साधा आहे : दोन्ही यंत्रें एकाच बोर्डावर घ्यावीं, आणि ध्वनिवर्धकाच्या आंत ध्वनीच्या परतीच्या तारा एकाच ठिकाणीं आणून जोडाव्या.

याहून धोक्याचीं यंत्रें म्हणजे जुने 'एसी-डीसी' रेडिओ. कांहीं शहरांत कांहीं भागांना एकदिश वीज मिळे, तेथेंही चालावे म्हणून ते ट्रान्सफॉर्मरवांचून बनविलेले. त्यांचा आंतला सांगाडा सरळ घरच्या विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. प्लग उलटा बसला तर सगळा सांगाडा जिवंत, आणि खुंटीच्या बारीक स्क्रूला बोट लागलें तरी झटका. कंडेन्सर तर कळ बंद केल्यावरही कितीतरी वेळ भरलेला राहतो. प्लग काढून, जाणत्या हातानें रोधकामार्फत तो रिकामा करून मीटरवर शून्य दिसल्यावांचून आंत हात घालूं नये. नवा कंडेन्सर घालतांना आंकडा व्होल्टचाही पाहावा, नुसता मायक्रोफॅरडचा नव्हे.

हें सगळें केल्यावरही स्पीकरला कान चिकटवला तर अगदीं सूक्ष्म घूं-घूं ऐकूं येईल. ती नव्या यंत्रांतही असे. बसण्याच्या जागेवरून ती ऐकूं येईनाशी झाली, म्हणजे पाठचें झांकण लावून टाकावें.