आधी अलार्म, मग तंबू

मंडळी, ऑन-कॉलच्या रात्री मला रिचर्ड वॉकर आठवतो. 13 सप्टेंबर 1952, इंग्लंडचं रेडमायर तळं. उजाडायच्या आत या गड्याने 44 पौंडांचा, म्हणजे जवळपास 20 किलोचा कार्प काढला. मोठा कार्प बरेचदा रात्रीच गळाला लागतो, पण अंधारात तंगूस कोण बघत बसणार? युद्धकाळात रडारवर काम केलेल्या वॉकरने तंगूस ओढला की वाजणारा विजेचा अलार्म बनवला. आपल्या भाषेत पोलिंग बंद, इंटरप्ट चालू! मग पडी मारता येते, आणि तेव्हाच आडोसा लागतो. आज एका रात्रीसाठी लोक तंबू, खाट, स्टोव्ह सगळं नेतात. मला विचाराल तर भरवशाचा अलार्म आणि मोठी छत्री, बास. तो मासा? लंडनच्या झूमध्ये 1971 पर्यंत जगला.