मोटारीच्या लॅकर रंगासाठी थिनरची निवड : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासात कारखाने, भांडवल व कामगार चळवळी यांची दखल घेतली जाते. परंतु कारागिराच्या हातातील साध्या द्रव्याकडे सहसा लक्ष जात नाही. वसमतसारख्या तालुक्याच्या गावी मोटारी रंगविताना लागणारे थिनर हे असेच एक द्रव्य होय. त्याच्या निवडीमागील इतिहासाचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींना वॉर्निशचे थर दिले जात व काम पूर्ण होण्यास कित्येक आठवडे लागत. १९२३ मध्ये अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीचे 'ड्युको' हे नायट्रोसेल्युलोज लॅकर जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारींवर वापरले गेले आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. 'ड्युको' हे नाव पुढे भारतीय रंगाऱ्यांच्या बोलीत अशा रंगासाठी सामान्यनाम म्हणून रुळले.

हे लॅकर केवळ विद्रावक उडून गेल्याने वाळते. म्हणून थिनरची निवड म्हणजे वाळण्याच्या वेगाची निवड होय. थिनरमधील एस्टर व कीटोन नायट्रोसेल्युलोज विरघळवितात, अल्कोहोल त्यांस साहाय्य करते, तर टोल्युइन मिश्रण स्वस्त करते. रॉकेल वा टर्पेंटाइन नायट्रोसेल्युलोज विरघळवीत नाही. ते मिसळल्यास रंग फाटतो.

हवामानाचा प्रश्न येथेच उद्भवतो. पावसाळ्यात जलद उडणारे थिनर पृष्ठभाग थंड करते, हवेतील बाष्प त्यावर जमते व रंग पांढरा पडतो. अशा वेळी सावकाश उडणारे थिनर अथवा रिटार्डर आवश्यक ठरते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जलद थिनर वापरल्यास रंगाचे तुषार पत्र्यावर पोहोचण्यापूर्वीच सुकतात व पृष्ठभाग खरखरीत होतो. तेव्हाही सावकाश उडणारे थिनरच उपयोगी पडते.

या द्रव्याचे नाते ऊसशेतीशीही आहे. मळीपासून अल्कोहोल व अल्कोहोलपासून इथाइल ॲसिटेट हे विद्रावक तयार होते. कोपरगाव तालुक्यातील साकरवाडी येथे हे उत्पादन होते. पूर्णा सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या वसमतच्या वाचकास हा दुवा अपरिचित वाटू नये.

निष्कर्ष :
परदेशी प्रयोगशाळेत जन्मलेले तंत्र येथील ऋतुमानाशी जुळविण्याचे काम रंगाऱ्याने अनुभवाने केले. पॉलियुरेथेन रंगांना त्यांचे स्वतंत्र थिनर लागते, त्यामुळे लॅकरचे हे ज्ञान मागे पडत आहे. थिनरच्या वाफा मज्जासंस्थेस अपायकारक असतात, म्हणजे या ज्ञानाची किंमत कारागिराने आरोग्यानेही मोजली आहे. ते लिखित स्वरूपात फारसे नसल्याने वृद्ध रंगाऱ्यांच्या मौखिक साक्षी नोंदविणे हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांचे तातडीचे कर्तव्य ठरते.